ईयोबाचा तिसरा अध्याय

मराठी ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला ईयोब साधारण चार वाक्यांत भेटतो. ऊस देशात एक नीतिमान माणूस होता. सैतानाने त्याची गुरेढोरे, मुलेबाळे आणि तब्येत हिरावून घेतली. तरी त्याने देवाला दोष दिला नाही. म्हणून देवाने त्याला सारे दुपटीने परत दिले. संडेस्कूलमध्ये ऐकलेली ही गोष्ट पुढे एखाद्या दफनविधीत, देणारा तोच आणि नेणारा तोच या अर्थाच्या वचनातून पुन्हा कानावर पडते, आणि ईयोबाची ओळख तेवढ्यावर पुरी झाली असे आपण धरून चालतो. मग वय वाढते. घरात अवेळी मृत्यू होतो, इतिहास-विज्ञानाचे वाचन वाढते किंवा मंडळीतले राजकारण पाहून मन विटते, आणि श्रद्धा डळमळू लागते. अशा वेळी प्रौढ माणूस पवित्र शास्त्राबद्दल जो निकाल देतो, तो बहुधा त्या चार वाक्यांवर दिलेला असतो. धरून राहणाराही त्यांच्याच आधारावर धरून राहतो आणि सोडणाराही त्यांनाच सोडतो. माझे म्हणणे असे, की हा निकाल दोन्हीकडून कच्चा आहे. शंका आलेल्या माणसाने बायबल परत उघडावे ते एवढ्याचसाठी, की आपण ज्याच्यावरून भांडतो आहोत ते पुस्तक प्रत्यक्षात काय म्हणते हे एकदा कळावे. श्रद्धा परत येईल की कायमची जाईल हा पुढचा भाग. पण उघडले तर त्याला आढळेल, की त्याची शंका त्याच्या कितीतरी आधी तिथे पोहोचलेली आहे.

खालचा संवाद कल्पित आहे. त्यातला वाद कल्पित नाही. एका बाजूला एक वयस्कर पाळक आहेत. दुसऱ्या बाजूला त्यांच्याच मंडळीत वाढलेली, आता उपासनेला न येणारी एक प्रौढ बाई. प्रश्न विचारणारा श्रोता मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 सालच्या ख्रिस्तपुराणातही श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री-गुरू उत्तरे देतात. तिथे शेवटचा शब्द गुरूचा असतो. इथे तो कुणाचा राहील हे वाचकाने ठरवावे.

पाळक : तू येत नाहीस याचा मला राग नाही, पोरी. प्रश्न सगळ्यांनाच पडतात, मलाही पडले. पण वचनाकडे परत यायचं तर आधी मान तुकवावी लागते. ईयोबाकडे बघ. सगळं गेलं, अंगभर फोड आले, राखेत बसला, पण तोंडातून वावगा शब्द काढला नाही. प्रश्न विचारून देव सापडत नाही. धीर धरून सापडतो.

संशयी : पाळकसाहेब, ईयोबामुळेच तर मी उठून गेले. वर देव आणि सैतान पैज लावतात आणि खाली घर कोसळून दहा पोरं मरतात. का, तर एका माणसाची परीक्षा घ्यायची होती! आणि शेवटी बक्षीस म्हणून नवी दहा. मेलेल्या लेकराची भरपाई नव्या लेकरानं होते, असं लिहिणाऱ्याच्या घरात कुणी मेलं नसावं. त्या पोरांना आईही होती. तिच्या वाट्याला एक वाक्य, तेही नवऱ्यानं मूर्ख म्हणून झिडकारण्यापुरतं.

दोघे त्वेषाने भांडत आहेत, पण ज्यावर भांडत आहेत ते पहिले दोन अध्याय आणि शेवटच्या अध्यायाचा उत्तरार्ध. पुस्तकाला अध्याय आहेत 42. गद्यात सांगितलेली ही गोष्ट म्हणजे नुसती चौकट. तिच्या आत, तिसऱ्या अध्यायापासून बेचाळिसाव्याच्या सहाव्या ओवीपर्यंत, जुन्या करारातले सर्वांत धारदार काव्य आहे आणि त्यात धीर धरणारा ईयोब कुठेही नाही. तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देत. सातव्यात तो देवाला म्हणतो, की माणसाकडे एवढे लक्ष देण्याचे तुला कारण काय, घोट गिळण्यापुरती तरी सवड दे. आठव्या स्तोत्रात हाच प्रश्न माणसाच्या थोरवीचे कौतुक म्हणून येतो. इथे ते कौतुक पाळतीची तक्रार बनते. नवव्यात तो सरळ सांगतो, की निर्दोष आणि दुष्ट दोघांचाही देव सारखाच नाश करतो, पृथ्वी दुर्जनांच्या हाती दिलेली आहे, आणि हे त्याने केले नसेल तर मग कुणी केले? चोविसाव्यात तक्रार स्वतःपुरती राहत नाही. शेताच्या हद्दी सरकवणारे, अनाथाचे गाढव हाकून नेणारे, विधवेचा बैल गहाण ठेवून घेणारे लोक सुखात आहेत. उघडी माणसे डोंगरच्या पावसात भिजत आहेत, दुसऱ्याच्या पेंढ्या वाहताना उपाशी आहेत, द्राक्षे तुडवताना तहानलेली आहेत. शहरात मरणारे विव्हळत आहेत, आणि देव तिकडे लक्ष देत नाही. पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी 1986 साली ईयोबावर पुस्तक लिहिले, तेव्हा याच वळणावर बोट ठेवले होते: स्वतःच्या दुखण्यापासून निघालेला माणूस इथे गरिबांच्या दुखण्यापाशी पोहोचतो. आता पाळकसाहेबांना विचारावेसे वाटते, की हा ईयोब तुमच्या उपासनेत उभा राहून असे बोलू लागला तर त्याला खाली बसवायला किती वेळ लागेल?

त्याला खाली बसवू पाहणारे लोक पुस्तकात आहेतच. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात, सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसतात (त्यांनी केलेले सर्वांत शहाणे काम तेच), आणि ईयोब बोलू लागताच देवाची बाजू मांडायला लागतात. त्यांचे म्हणणे मूर्खपणाचे नाही. देव न्यायी आहे, दुःख उगीच येत नाही, कुठे तरी पाप झाले असेल, पश्चात्ताप कर म्हणजे सुटशील. व्यासपीठावरून येणारी बहुतेक सांत्वने आजही याच साच्यातली असतात. अनुवाद या पुस्तकाचा 28 वा अध्याय आशीर्वाद आणि शाप यांचा असाच हिशेब मांडतो, नीतिसूत्रांची बहुतेक पानेही याच भरवशावर उभी आहेत. म्हणजे मित्र शास्त्रसंमत बोलत आहेत. ईयोब शास्त्राच्या विरोधात बोलतो आहे. आणि निकाल काय लागतो? बेचाळिसाव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत देव अलीफजला सांगतो, की तुम्हा तिघांवर माझा राग भडकला आहे, कारण माझ्याविषयी तुम्ही माझा सेवक ईयोब याच्यासारखे खरे बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे दोषी, देवाला जाब विचारणारा खरा. त्या तिघांसाठी प्रार्थना करायची ती ईयोबाने, तरच त्यांना क्षमा. प्रशियात 1788 च्या फर्मानाने धर्मविषयक लेखनावर जाच वाढला होता, त्या काळात, 1791 साली, इमॅन्युएल कांटने एका निबंधात या मित्रांची नेमकी मानसिकता पकडली: ते असे बोलतात, जणू तो बलवान चोरून ऐकतो आहे आणि सत्यापेक्षा त्याची मर्जी सांभाळणे जास्त गरजेचे आहे. ईयोब मात्र मनात आहे तेच बोलतो. पुढे कांट असेही सुचवतो, की धर्मपंडितांच्या जवळजवळ कोणत्याही न्यायसभेपुढे उभा केला असता तर ईयोबाची धडगत नव्हती.

संशयी : कांटचं सोडा. सातव्या ओवीच्या आधीचे चार अध्याय बघा ना. वादळातून देव बोलतो, आणि काय बोलतो? मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, रानगाढवाला मोकळं कुणी सोडलं, लिव्याथानाला गळ टाकून ओढशील का. लेकरं का मेली, याला हे उत्तर आहे? बळाचा धाक दाखवून गप्प केलं आणि वर शाबासकी दिली, एवढंच झालं.

हा आक्षेप खरा आहे, आणि तो टाळणाऱ्या भाष्यांवर माझा विश्वास नाही. अडतीस ते एक्केचाळीस या अध्यायांत ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. पैजेची गोष्ट त्याला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. सैतान तर दुसऱ्या अध्यायानंतर फिरकतच नाही. त्या भाषणांत जग आहे ते माणसाला वगळून आहे. कुणीही राहत नाही अशा रानावर पाऊस पडतो, शहामृगी अंडी उघड्यावर टाकून जाते. काहींना यात माणसाच्या हिशेबापेक्षा मोठ्या जगाचे दर्शन होते आणि त्यातून दिलासा मिळतो. मला ते काव्य म्हणून थोर आणि उत्तर म्हणून अपुरे वाटते. शेवटी मेंढरे 7000 ची 14000 होतात, उंट 3000 चे 6000, पण मुले पुन्हा सात आणि मुली तीनच. गुरे दुप्पट करता येतात, लेकरे करता येत नाहीत, हे लिहिणाऱ्याला कळले होते की नाही कोण जाणे. त्या आईबद्दलही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या कराराचे प्राचीन ग्रीक भाषांतर झाले तेव्हा कुणाला तरी तिची ती एकच ओळ अपुरी वाटली. ग्रीक ईयोबात तिला सबंध भाषण आहे, आणि त्यात ती पोटच्या पोरांसाठी सोसलेल्या, वाया गेलेल्या वेणांबद्दल बोलते. म्हणजे संशयी बाईंना आज जे खटकले, ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका वाचकालाही खटकले होते.

पण उत्तर अपुरे आहे हे मान्य केले तरी निकालाची ओवी जागची हलत नाही. यावर एक अभ्यासू आक्षेप येऊ शकतो, आणि तो संशयी बाईंच्या आक्षेपापेक्षा अवघड आहे. गद्य कथा मुळात वेगळी आणि जुनी असावी, काव्य नंतर तिच्यात घातले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. मग सातवी ओवी तर गद्याचा भाग. मूळ लोककथेत मित्रांनी ईयोबाला देवनिंदेला उद्युक्त केले असेल आणि सोशिक ईयोबाने नकार दिला असेल. देवाचा निकाल त्या हरवलेल्या संभाषणावर असेल, आपल्यासमोरच्या काव्यावर नसेलच. शक्य आहे. पुस्तकावर अनेक हात फिरल्याच्या खुणा आहेतच: चोवीस ते सत्तावीस या अध्यायांत बिल्ददाचे भाषण सहा ओव्यांत आटोपते, सोफर तिसऱ्या फेरीत बोलतच नाही, आणि काही ठिकाणी मित्रांची मते ईयोबाच्या तोंडी आलेली दिसतात. पण ज्याने कथा आणि काव्य एकत्र बांधले, त्याला ही ओवी बदलायला किंवा गाळायला कुणी अडवले नव्हते. पंचवीस-तीस अध्यायभर देवावर आरोप करून झाल्यावर हा माणूस खरे बोलला असे वाक्य त्याने राहू दिले. आपल्या हातात आलेले पुस्तक त्याचे आहे. आणि ते बोचत होते याला पुरावा म्हणजे नंतरच्यांनी केलेली सारवासारव. ईयोबाचे मृत्युपत्र म्हणून पुढे जो ग्रंथ तयार झाला, त्यात ईयोबाला आपल्यावरच्या संकटाचे कारण आधीच ठाऊक असते आणि तो सोशीकपणे झुंजतो. नव्या करारात याकोबाच्या पत्रात ईयोबाचे नाव येते तेही धीराचा नमुना म्हणून. चार वाक्यांचा ईयोब संडेस्कूलने शोधून काढलेला नाही. तो फार जुना आहे. त्याने मूळ पुस्तक पुसले मात्र नाही.

पाळक : धरलं. पण एका पुस्तकावरून तू सगळं शास्त्र संशयाचं करून टाकशील. सहासष्ट पुस्तकांत ईयोब एक. बाकी सगळीकडे विश्वासाचीच हाक आहे ना? अपवादाला नियम करू नये.

अपवाद असता तर पाळकसाहेबांचे बरोबर ठरले असते. पण 88 वे स्तोत्र घ्या: इतर विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात, हे अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, आणि तरी ते उपासनेच्या स्तोत्रसंग्रहात आहे. उपदेशकाला सगळेच व्यर्थ दिसते आणि माणूस व पशू यांची शेवटची गत त्याला एकच वाटते. हबक्कूक तर हाक मारूनही ऐकू न येणाऱ्या देवापासूनच सुरुवात करतो. नव्या करारात, मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रतींत, पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते: रिकामी कबर पाहून स्त्रिया थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुनरुत्थित येशूचे दर्शन देणाऱ्या पुढच्या बारा ओव्या त्या प्रतींत नाहीत. मत्तयाच्या शेवटच्या प्रसंगात, डोंगरावर प्रत्यक्ष येशू समोर असताना, काहींना संशय आला अशी नोंद आहे. प्रचारासाठी पुस्तक लिहिणाऱ्याला ही नोंद सहज टाळता आली असती.

यापेक्षा वजनदार पुरावा पुस्तकांच्या निवडीत आहे. विसंगती काढून टाकण्याचे सुबक उपाय दुसऱ्या शतकातच पुढे आले होते. इसवी सन 144 च्या सुमारास मार्कियोन रोममध्ये म्हणत होता, की जुन्या करारातला कोपिष्ट देव येशूच्या पित्यापेक्षा वेगळाच आहे, तेव्हा तो सगळा करार टाकून द्या आणि शुभवर्तमानांपैकी लूकचे तेवढे, तेही साफ करून, ठेवा. आजच्या कितीतरी संवेदनशील वाचकांना हा तोडगा पटेल. चर्चने मार्कियोनलाच बाहेर काढले. मग 170 च्या सुमारास तातिआनने चार शुभवर्तमानांची एकच सलग कथा विणली. वंशावळींचे घोळ, शेवटच्या दिवसांच्या क्रमातले फरक, सगळे मिटले. सिरियातल्या मंडळ्या ती कथा पाचव्या शतकापर्यंत वाचत होत्या. तेव्हा बिशप थिओडोरेटने तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्या जागी पुन्हा चार वेगवेगळी शुभवर्तमाने दिली. एक नितळ कथा हातात असताना चार न जुळणाऱ्या कथा निवडल्या गेल्या. आपण मुलांना जे शिकवतो ते दुर्दैवाने पुन्हा तातिआनच शिकवतो: मत्तयाचे ज्ञानी लोक आणि लूकचे मेंढपाळ नाताळच्या गोठ्यात शेजारी शेजारी उभे करतो, आणि तेच मूल विसाव्या वर्षी दोन्ही अध्याय समोर ठेवून वाचते तेव्हा आपल्याला फसवले असे त्याला वाटते. फसवले हे खरे, पण मत्तयाने नव्हे आणि लूकनेही नव्हे.

संशयी : थांबा, यात चलाखी आहे. चार ठेवली ती शंकेचा मान राखायला नव्हे. या शहरात एक वाचत होते, त्या शहरात दुसरं, कुणाचंही टाकायची हिंमत नव्हती. एवढंच. आणि ईयोबाच्या आड दडू नका. यरीहोत बायकापोरांसकट कत्तल, अमालेक्यांची तान्ही बाळंही मारायचा हुकूम, हेही त्याच पुस्तकात आहे. ते कुठल्या अध्यायानं धुऊन निघतं?

पहिला भाग बराचसा मान्य. इरेनियसने 180 च्या सुमारास चारच शुभवर्तमाने का, याचे कारण दिले ते असे की दिशा चार आणि वारे चार. यापेक्षा कच्चे कारण शोधून सापडणार नाही. हेतू शंकेचा सन्मान हा नव्हताच. पण माझा दावा त्यांच्या हेतूबद्दल नाही, वाचकाच्या हातात काय आले याबद्दल आहे. कारण काहीही असो, जे आले ते एका सुरात बोलत नाही, आणि एका सुरात वाचायची सक्ती करणारा वाचक मजकुराच्या विरोधात वाचतो. हे मान्य करणारा माणूस पुस्तक माणसांनी लिहिले, जोडले, निवडले हेही मान्य करतो, आणि ते मी निःसंकोच करतो. दुसऱ्या भागातल्या यरीहोबद्दल इतिहास थोडा मदतीला येतो. कॅथलीन केन्यन यांनी 1952 ते 1958 या काळात तिथे उत्खनन केले. तटबंदीचे शहर उद्ध्वस्त झाले ते इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकात, आणि यहोशवाचा म्हणून जो काळ साधारणपणे धरला जातो त्या तेराव्या शतकात पाडायला तिथे तटबंदी असल्याचे पुरावे त्यांना मिळाले नाहीत. कत्तल बहुधा झालीच नाही. पण याने बाई समाधानी होणार नाहीत, आणि होऊ नये. न झालेली कत्तल देवाची आज्ञा म्हणून अभिमानाने लिहून ठेवावीशी वाटली, हा आरोप शिल्लक राहतोच. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल दोषी ठरतो तो मारल्याबद्दल नव्हे, पुरते न मारल्याबद्दल. या पानाचा बचाव मला करता येत नाही आणि करायचाही नाही. एवढेच सांगतो, की ते पान वाईट आहे असे म्हणताना बाई जी कसोटी लावतात, निरपराध्याला मारणारा देव असला तरी त्याला जाब विचारला पाहिजे, ती कसोटी ईयोबाच्या नवव्या अध्यायात आहे. शास्त्राच्या एका पानाला दुसरे पान विरोध करते, आणि वाचकाला बाजू घ्यावी लागते. बाजू घ्यायचे टाळून दोन्हीवर आमेन म्हणणे ही नम्रता नाही, तो आळस आहे.

पाळक : आणि बाजू घ्यायची कुणी? ज्याला त्याला आपापली? म्हणूनच मंडळी असते, परंपरा असते. एकटा वाचणारा शेवटी स्वतःचंच वाचतो.

या प्रश्नावर आपल्याकडे घडलेला एक खरा वाद कागदोपत्री आहे. पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि पुढची काही वर्षे त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून झगडा चालला. याच सिस्टरना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत. त्रैक्य, येशूचे ईश्वरत्व, अथानासियसचा मतांगीकार यांपैकी जे आपल्याला बायबलात दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला रमाबाई तयार नव्हत्या. आजीबाईंचे म्हणणे पाळकसाहेबांचेच: तू कालची विद्यार्थिनी, मातेसमान चर्चपुढे आज्ञाधारक राहा. रमाबाईंचे उत्तर या आशयाचे, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, ती दुसऱ्याच्या जोखडात मान घालायला नव्हे. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली छापली आहेत. आज्ञा न मानणाऱ्या या बाईचे पुढे काय झाले? केडगावला मुक्तिसदन चालवताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि आयुष्याची अखेरची वर्षे अख्खे बायबल मराठीत आणण्यात घालवली. त्या 1922 साली गेल्या. पुस्तक 1924 साली निघाले. एकटीने वाचणारी बाई स्वतःचेच वाचते, हा आरोप त्यांच्यापुढे टिकत नाही.

संशयी बाई म्हणतील, उदाहरण सोयीचे निवडले, रमाबाई अखेर श्रद्धेकडेच गेल्या. मग त्याच शतकातले दुसरे घ्या. एर्नेस्त रेनान पॅरिसच्या सेमिनरीत पुरोहित व्हायला शिकत होता, हिब्रू शिकला, यशयाचा उत्तरार्ध आणि दानीएल ही पुस्तके जुन्या संदेष्ट्यांची असू शकत नाहीत हे त्याला पटले, आणि 1845 साली तो बाहेर पडला. त्याच्या 1863 च्या येशूचरित्राने फ्रान्समध्ये गदारोळ उडाला. श्रद्धेकडे तो परतला नाही. पण त्या चरित्राआधी काही वर्षे, श्रद्धा सुटलेली असताना, त्याने हिब्रूतून भाषांतर केले ते ईयोबाचे, पुढे उपदेशकाचेही. दोघांनीही मूळ भाषा शिकून पुस्तक पुन्हा वाचले, एक आत राहिली आणि एक बाहेर गेला, आणि दोघांपैकी कुणीही ते अर्धवट वाचल्याचा आरोप कुणाला करता येणार नाही. म्हणून पुन्हा वाचल्याने श्रद्धा परत येते असे सांगणारे पाळक आणि पुन्हा वाचल्याने ती हमखास जाते असे सांगणारे बुद्धिवादी, दोघांचेही आश्वासन पोकळ आहे. वाचनाने नक्की घडते ते इतकेच, की सोडणे किंवा धरणे हे चार वाक्यांबद्दल राहत नाही.

पाळकांकडे यातून एक मागणी येते. दफनाच्या वेळी ईयोबाचा पहिला अध्याय वाचता, तर तिसराही वाचा. ज्या आईचे मूल गेले आहे तिला पहिल्या अध्यायाने गप्प बसवले जाते. तिसऱ्यात तिला बोलायला जागा आहे, आणि ती जागा शास्त्राने दिलेली आहे, तुमच्या परवानगीची तिला गरज नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहावी-बारावीच्या मुलांपुढे मत्तय आणि लूक यांच्या जन्मकथा शेजारी ठेवा आणि फरक त्यांनाच शोधू द्या. त्यांना तो कधीतरी दिसणारच आहे. तुमच्यासमोर दिसला तर निदान त्यावर बोलता येईल.

आणि जे उठून गेले आहेत त्यांना एवढेच सांगायचे: परत या असे मी म्हणत नाही. घरात जुने मराठी बायबल कुठे तरी असेलच, नसेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल ग्रंथालयात मिळेल. ईयोब एका संध्याकाळी वाचून होतो. पहिले दोन अध्याय तुम्हाला माहीत आहेत, तिसऱ्यापासून सुरुवात करा आणि बेचाळिसाव्याच्या सातव्या ओवीपर्यंत थांबू नका.